‘जान बची’ म्हणून हिशेब बंद करू नका

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी देशातल्या अपघातांचा अहवाल काढते. २०२२ च्या अहवालातले आकडे असे आहेत : अपघात ४,६१,३१२, मृत्यू १,६८,४९१, जखमी ४,४३,३६६. मृतांपैकी जवळपास ४५ टक्के लोक दुचाकीवर होते. हेल्मेट नव्हते असे मृत ५०,०२९. त्यातले ३५,६९२ गाडी चालवत होते आणि १४,३३७ मागे बसले होते. मृत्यूची मोजणी इतकी बारीक आहे. जखमींची विभागणी मात्र गंभीर आणि किरकोळ एवढ्यावरच थांबते. पायाचे हाड मोडले तो गंभीर, आणि महिनाभर बेशुद्ध राहून घरी आलेला, स्वतःच्या मुलीचे नाव न आठवणारा, तोही गंभीर. दोन वर्षांनी या दोघांचे काय झाले, हे विचारणारा रकाना त्या अहवालात नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या धंद्यात एक गोष्ट नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळते : तक्त्यात ज्याला रकाना नाही, ते सिस्टिमच्या लेखी घडलेलेच नसते. त्याचा रिपोर्ट निघत नाही. रिपोर्ट नाही म्हणून बजेट मिळत नाही. बजेट नाही म्हणून नवा रकाना काढावा असे कोणाला वाटत नाही. डोक्याला मार लागून जगलेल्या माणसांचे आपल्या देशात नेमके हेच झाले आहे. सरकारच्या तक्त्यात त्यांना जागा नाही. आणि मला जास्त टोचते ते हे की आपल्या मोहल्ल्याच्या, जमातीच्या, ट्रस्टच्या तक्त्यातही ती नाही.

या लेखात मला एवढेच म्हणायचे आहे : मेंदूला झालेली दुखापत ही एका रात्रीची दुर्घटना नसून वर्षानुवर्षे चालणारी अवस्था आहे. सरकार आणि समाज दोघेही तिचा हिशेब डिस्चार्जच्या दिवशी बंद करतात. त्यानंतरचा सगळा खर्च एका बाईच्या खात्यावर टाकला जातो. बहुतेक वेळा ती बायको असते, नाहीतर आई.

डोक्यात नेमके काय होते

गाडी आदळते, डोके रस्त्यावर आपटून थांबते, पण कवटीच्या आत द्रवात तरंगणारा मेंदू त्याच क्षणी थांबत नाही. तो पुढे सरकतो, वळतो, ताणला जातो. कवटीचा तळ खडबडीत असतो. कपाळामागचा आणि कानांजवळचा मेंदूचा भाग त्यावर घासतो, आपटतो. बेत आखणे, रागावर ताबा ठेवणे, नवी गोष्ट लक्षात ठेवणे, समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याचे मन ओळखणे, या कामांत याच भागांचा मोठा वाटा असतो. त्याखेरीज मेंदूच्या आतले तंतू ताणून तुटतात, आणि हे नुकसान साध्या सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाही. त्यामुळे ‘स्कॅन नॉर्मल आला’ याचा अर्थ ‘माणूस पूर्वीसारखा आहे’ असा होत नाही.

१९७४ मध्ये ग्लासगो विद्यापीठातल्या ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट या दोन न्यूरोसर्जननी बेशुद्धी मोजायची एक सोपी पट्टी तयार केली. रुग्ण डोळे उघडतो का, बोलतो का, हातपाय हलवतो का, यावरून ३ ते १५ गुण. आज कोणत्याही आयसीयूमध्ये ही पट्टी वापरतात, फाइलवर ‘जीसीएस’ असे लिहिलेले असते ते हेच. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, जेनेट यांनी मायकल बाँड या सहकाऱ्यासोबत दुसरी पट्टी दिली. ती परिणाम मोजते. तिच्या पाच पायऱ्या आहेत : मृत्यू, जाणीवहीन अवस्था, गंभीर अपंगत्व, मध्यम अपंगत्व, चांगली सुधारणा. स्वतःचे स्वतः करू शकत नाही तो गंभीर. स्वतःचे करतो, पण पूर्वीचे काम आणि पूर्वीचे आयुष्य जमत नाही तो मध्यम. ही पट्टी लावताना जेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसले की माणसाचे आयुष्य अडवणारी गोष्ट बहुधा लुळा हात नसून बदललेले मन असते.

पहिली पट्टी आपण लगेच उचलली, कारण ती ऑपरेशन थिएटरपर्यंत नेते. दुसरी पट्टी तुमच्या ओळखीतल्या एखाद्या डिस्चार्ज कार्डावर कधी पाहिली आहे? सहा महिन्यांनी, वर्षाने, दोन वर्षांनी ती भरण्यासाठी कोणी फोन केला आहे?

‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी लोकांच्या मेंदूला दुखापत होते असा अंदाज दिला. ही दुखापत जुनाट आजारासारखी धरावी, हे तज्ज्ञ आता उघडपणे सांगतात. सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात वेगाने होते, दोन वर्षांपर्यंत होत राहते, कित्येकांची त्यानंतरही हळूहळू होते. काहींची प्रकृती नंतर घसरते. फिट्स काही वेळा कित्येक महिन्यांनी, क्वचित वर्षांनीही सुरू होतात. डोकेदुखी, तुटलेली झोप, नैराश्य आणि कामाला बसल्यावर अर्ध्या तासात येणारा गळून टाकणारा थकवा, हे सगळे या प्रवासात येते.

अच्छा भला तो दिखता है

माझ्या खालाचा मुलगा एसी दुरुस्तीचे काम करायचा. सात वर्षांपूर्वी रात्री बाइकवरून पडला, हेल्मेट हँडलला लटकवलेले होते. ऑपरेशन झाले, जीव वाचला, मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली. आज तो चालतो, बोलतो, जुम्म्याला मशिदीत येतो, सगळ्यांना सलाम करतो. भेटणारा प्रत्येकजण भाभीला म्हणतो, “अच्छा भला तो दिखता है.”

घरात काय चालते ते भाभीला माहीत. चहा ठेवला की गॅस बंद करायचे राहून जाते, आणि त्याचा वास घेण्याची शक्ती अपघातातच गेली आहे, त्यामुळे गॅस गळला तरी त्याला कळत नाही. डोक्याच्या दुखापतीत वासाची नस तुटणे ही नेहमीची गोष्ट आहे, पण डिस्चार्जच्या वेळी हे कोणी सांगितले नव्हते. एसीचे सर्किट त्याला अजून तोंडपाठ आहे. पण ग्राहकाने सकाळी सांगितलेला पत्ता दुपारी आठवत नाही, आणि आठवण करून दिली तर तो शिवी देतो. तीन दुकानांनी त्याला ठेवून काढून टाकले. त्याला स्वतःला विचाराल तर तो म्हणतो, मला काही झालेले नाही, लोकच खराब आहेत. हे नाटक नसते. आपल्यात काय बिघडले आहे ते ओळखणारा मेंदूचा भागच दुखावला गेला, तर माणसाला स्वतःची कमतरता दिसत नाही.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी त्याला नेले तेव्हा हात वर करायला सांगितले, चालून दाखवायला सांगितले, नाव विचारले. हात वर झाला, चालणे जमले, नाव सांगितले. दाखला मिळाला नाही. नातेवाइकांनी त्याचे नाव कामचोर ठेवले. भाभी सकाळी दोन घरी स्वयंपाक करते आणि रात्री शिलाई. तिला मिळालेली एकमेव मदत म्हणजे सल्ला, आणि तो सगळ्यांकडून एकच मिळतो : सब्र करो. सब्र हा मोठा गुण आहे, मान्य. पण जो समाज सातव्या वर्षीही तिला फक्त सब्रच देऊ शकतो, त्याने स्वतःच्या जबाबदारीबद्दलही थोडे बोलावे.

सात दिवस, पंधरा दिवस, वीस रुपये

आता सरकारी तक्ता पाहू. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली आणि अपघातानंतरच्या पहिल्या मोलाच्या तासात विनारोकड उपचाराची तरतूद आली. तिच्या आधाराने ५ मे २०२५ पासून योजना लागू झाली : दीड लाख रुपयांपर्यंत उपचार, जास्तीत जास्त ७ दिवस. आयुष्मान भारत योजनेत डिस्चार्जनंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंत धरला जातो. या योजना चांगल्या आहेत. यामुळे माणसे वाचतील, आणि म्हणूनच पुढचा प्रश्न अधिक मोठा होणार आहे. ज्या दुखापतीचा हिशेब वर्षांत करायचा, तिला आपण दिवसांच्या मापाने मोजत आहोत.

विम्याकडे या. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. तुमच्यापैकी अनेकांच्या बँक खात्यातून ते २० रुपये कापले जात असतील. अपंगत्वाचे पैसे कधी मिळतात, ते त्यात लिहिले आहे : दोन्ही डोळे गेले, दोन्ही हात किंवा पाय निकामी झाले, एक डोळा आणि एक हात किंवा पाय गेला, तर २ लाख. एक डोळा किंवा एक हात किंवा एक पाय गेला, तर १ लाख. स्मरणशक्ती गेली, समज गेली, ताबा गेला, यांना त्या कोष्टकात ओळ नाही.

अपंगत्वाचा कायदा पाहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार २१ केले. त्यात पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे मेंदू-मज्जासंस्थेचे आजार नावानिशी आहेत. मेंदूला झालेली दुखापत नावानिशी नाही. मग अशा माणसाचे तुकडे करावे लागतात. हातात कमजोरी असेल तर ती चलनवलनाच्या अपंगत्वात, वाचा गेली असेल तर वाचा आणि भाषेच्या अपंगत्वात, वागणे बदलले असेल तर मानसिक आजारात. प्रत्येक तुकडा वेगळ्या खिडकीवर, वेगळ्या डॉक्टरसमोर. बहुतेक लाभ ४० टक्के अपंगत्वापासून सुरू होतात, आणि थोडा हात, थोडी वाचा, थोडी आठवण असे सगळे ‘थोडे’ गेलेला माणूस एकाही खिडकीवर ४० पर्यंत पोहोचत नाही, जरी त्याची कमाई १०० टक्के गेलेली असली तरी. या कायद्यातच केंद्र सरकारला यादीत नवा प्रकार जोडण्याचा अधिकार आहे. त्यासाठी संसदेत नवा कायदा आणायची गरज नाही, अधिसूचना पुरते. अमेरिकेने १९९० मध्ये शालेय शिक्षणाच्या कायद्यात मेंदूच्या दुखापतीला स्वतंत्र प्रकार म्हणून जागा दिली, आणि अशा मुलांना वर्गात काय लागते हा प्रश्न तिथल्या शाळांना टाळता येईना. आपल्याकडे अपघातातून उठून शाळेत परतलेले मूल ‘मंद’ किंवा ‘मस्तीखोर’ ठरते.

आणि नुकसानभरपाई. त्याच २०१९ च्या दुरुस्तीने अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे. पण पहिल्या सहा महिन्यांत घर काय करत असते? ट्यूब बदलत असते, उसने मागत असते. मेंदूचे कायमचे नुकसान किती, हे त्या वेळी डॉक्टरांनाही सांगता येत नाही. घाईत केलेल्या तडजोडीत कवटीच्या फ्रॅक्चरचे पैसे मिळतात आणि पुढच्या तीस वर्षांचे राहून जातात.

न्यायालयाला हे कळत नाही असे नाही. शरीराचे अपंगत्व किती टक्के आणि कमाईची ताकद किती टक्के गेली, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने फार आधी स्पष्ट केले आहे. २००७ मध्ये अपघातात मेंदूला जबर इजा झालेल्या १२ वर्षांच्या एका मुलीच्या प्रकरणात २०२० मध्ये त्याच न्यायालयाने उच्च न्यायालयाने दिलेली सुमारे २६ लाखांची भरपाई ६२ लाखांवर नेली. त्या निकालातली महत्त्वाची बाब अशी की मुलीजवळ आयुष्यभर राहणाऱ्या मदतनिसांचा खर्चही, कमाईच्या नुकसानीसारखाच, पुढच्या वर्षांचा हिशेब करून धरला गेला. न्यायालयाने जे मोजले ते काम आपल्या घरांत बाया रोज फुकट करतात. वकिलाने मागितले नाही तर ते मोजले जात नाही, आणि अपघाताचे दावे गोळा करणाऱ्या दलालांना ते मागण्यात रस नसतो.

एक अडचण तर घरोघर येते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. नवरा कोमात किंवा समज हरवलेला, खाते त्याच्या नावावर, बँक म्हणते सही आणा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालक नेमता येतो, पण तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. कोमातल्या माणसाच्या बायकोला पालक म्हणून नेमून घ्यायला उच्च न्यायालयात रिट करावी लागते. दोन घरचा स्वयंपाक करणाऱ्या बाईने रिट करायची!

‘असर झालाय’

आता आपल्या अंगणात येऊ. घरातला शांत मुलगा अपघातानंतर अचानक शिव्या देऊ लागला, रात्री उठून फिरू लागला, चारचौघांत लाज वाटेल असे बोलू लागला, की पहिला निष्कर्ष काय निघतो? असर झालाय. अपघात झाला त्या जागेवर काहीतरी होते. मग आमिल, ताईत, पाण्यावर फुंकर, आणि एखाद्या दर्ग्यावर चाळीस दिवस. दुआ करणाऱ्याला कोणी अडवत नाही. दुआ आणि औषध यांत भांडण नाही, हे आपल्या आजीलाही माहीत होते. भांडण तिथे आहे जिथे दुआच्या नावावर उपचाराचे पहिले सहा महिने, म्हणजे सुधारणेचे सर्वांत मोलाचे महिने, वाया घालवले जातात.

या रस्त्याच्या टोकाला काय असते हे तमिळनाडूतल्या एरवाडीने दाखवले आहे. तिथल्या दर्ग्याभोवती मनोरुग्णांना ठेवण्याची खासगी ‘घरे’ उभी राहिली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यातल्या एकाला आग लागली आणि साखळीने बांधलेली २८ माणसे पळता न आल्याने मेली. ते मानसिक रुग्ण होते. पण मेंदूला मार लागून वागणे बदललेला माणूसही, निदान नसेल तर, अशाच दारात पोहोचतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने कोणाही मानसिक रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे आणि मारणे हा गुन्हा आहे. तो कायदा बुवा, बाबा, आमिल असा फरक करत नाही.

मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्यावर तुमच्यापैकी अनेकजण गेले असतील. तिथेच, किनाऱ्याच्या रस्त्याला लागून, केंद्र सरकारची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन ही संस्था १९५५ पासून आहे. पुनर्वसन हेच तिचे काम आहे. दर्ग्यावर मन्नत मागायला आलेल्या किती कुटुंबांना हे कोणी सांगते? दर्ग्याच्या वाटेवर दुकानदार चादर आणि फुले दाखवतो, ती इमारत दाखवणारा कोणी नसतो.

आपली मदत कुठे थांबते

आपल्या समाजात मदत कमी आहे असे मी म्हणणार नाही. अपघात झाला की रात्री दोन वाजता मुले रक्त द्यायला उभी राहतात. व्हॉट्सॲपवर तासाभरात ऑपरेशनचे पैसे जमतात. जवळपास प्रत्येक शहरात एखाद्या जमातीची ॲम्ब्युलन्स आहे, मय्यतीची गाडी आहे. याचा मला अभिमान आहे. पण या यादीकडे नीट बघा. आपली सगळी मदत दोन दारांशी उभी आहे, ऑपरेशन थिएटरच्या आणि कब्रस्तानच्या. या दोहोंच्या मध्ये ज्याला तीस वर्षे जगायचे आहे, त्याच्यासाठी आपल्याकडे निधी नाही, माणूस नाही, जागा नाही.

ट्रस्टच्या लोकांशी बोलले की उत्तर येते, ‘जकातीचा पैसा यासाठी लागत नाही.’ जकातीच्या आठ हकदारांत फकीर आणि मिस्कीन आहेत, कर्जात बुडालेले आहेत. उपचारात घर गहाण पडलेली, कमावता माणूस गमावूनही त्याला रोज जेवू घालणारी बाई यातल्या कोणत्या व्याख्येत बसत नाही? आणि दिवस-केंद्रासाठी, थेरपिस्टच्या पगारासाठी सदका आणि वक्फ आहेतच. ऑपरेशनच्या देणगीचा फोटो काढता येतो, दर आठवड्याला घरी येणाऱ्या स्पीच थेरपिस्टचा येत नाही. खरी अडचण मला एवढीच दिसते.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला : गरीब देशाला हे परवडणार नाही. उलट, यातले बरेच काम महागड्या मशिनीशिवाय होते. भिंतीवर दिवसाचे वेळापत्रक, औषधांचा खणांचा डबा, फोनमधला गजर, खिशात एक छोटी वही, कामाचे लहान तुकडे आणि मध्ये विश्रांती, घरच्यांना रागाचा प्रसंग कसा हाताळायचा याचे चार तासांचे प्रशिक्षण. यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक लागतात, आणि त्यांनी पंधरा-वीस घरांकडे लक्ष ठेवायचे असते. घरात कुलूपबंद ठेवलेला कमावता माणूस आणि नोकरी सोडलेली बाई, हा खर्च आपण आजही करतोच, फक्त तो कोणाच्या वहीत लिहिला जात नाही.

दुसरा आक्षेप कुजबुजत येतो : ‘दिमागी’ असा शिक्का बसला तर घरातल्या मुलींची लग्ने कशी होणार? लोकांना माहीत असतेच, फक्त चुकीचे माहीत असते. पागल, दारूडा, असर झालेला, यांपेक्षा ‘अपघातात मेंदूला मार लागला, उपचार चालू आहेत’ हे वाक्य कोणत्याही घराची इज्जत जास्त राखते.

हेल्मेट आणि ॲप

तुमच्या वयाशी बोलतो आहे म्हणून हेही. शब-ए-बारातच्या रात्री बाइकवर तिघे बसून, सायलेन्सर काढून जाणारी मुले कोण असतात? मिलादच्या मिरवणुकीत हेल्मेट किती डोक्यांवर असते? हे फक्त आपल्यात होते असे नाही, इतरांच्या मिरवणुकीतही तेच दिसते, आणि पुण्यात तर हेल्मेटसक्तीच्या विरोधात आंदोलने झाली आहेत. पण दुसऱ्याची कवटी फुटते म्हणून आपली मजबूत होत नाही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने बंधनकारक आहे. अम्मीला, बहिणीला, बायकोला मागे बसवता तेव्हा दुसरे हेल्मेट कुठे असते?

आणि माझ्या क्षेत्राबद्दल. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात कोणीतरी डिलिव्हरीचे काम करतो. ऑर्डर किती मिनिटांत पोहोचली, हे ॲप सेकंदापर्यंत मोजते. तो पडला तर पुढच्या मिनिटाला ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. तो कामगार म्हणून धरला जात नाही, त्यामुळे ईएसआयचे रुग्णालय त्याला बंद. सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार हा शब्द आला, संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, कंपन्यांनी उलाढालीतून निधीला पैसे द्यायचे आहेत. त्या निधीच्या योजना लिहिल्या जात असताना आपण तिथे असलो पाहिजे. नाहीतर त्यातही हात, पाय आणि डोळे यांचेच कोष्टक येईल.

मागायचे काय, करायचे काय

सरकारकडे मागण्या ठरवून घेऊ. मेंदूच्या दुखापतीला दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत स्वतंत्र नाव द्या. आयसीयूमधून सुटलेल्या प्रत्येक डोक्याच्या जखमीची सहा महिने, एक वर्ष आणि दोन वर्षांनी परिणामाच्या पट्टीवर नोंद करा आणि ती अपघात अहवालात छापा. जनआरोग्याच्या योजनांत पुनर्वसनाचे पॅकेज महिन्यांच्या हिशेबात द्या. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस या रुग्णांचा बाह्यरुग्ण विभाग चालवा. दाव्याची सहा महिन्यांची मुदत काढा. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला, त्यामुळे राज्यात हे कोणाकडे मागायचे हा प्रश्न उरलेला नाही.

घरातल्यांनी आजपासून करण्यासारखेही बरेच आहे. डिस्चार्जच्या वेळी लेखी विचारा : स्मरणशक्ती, वाचा, वागणूक, वास, फिट्स यांची तपासणी कधी आणि कुठे? दाव्याची तडजोड करण्याआधी न्यूरोसायकॉलॉजिस्टची तपासणी करून घ्या. ‘चालतो, बोलतो’ म्हणून दाखला नाकारला तर वागणूक आणि समज यांच्या तपासणीसाठी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायला सांगा, आणि नकार लेखी घ्या. रुग्णाचे रोजचे वागणे तारखेनिशी वहीत लिहून ठेवा. डॉक्टर आणि न्यायाधीश दोघांपुढे ती वही बोलते.

आणि आपण, म्हणजे मोहल्ल्यातली शिकलेली मुले, एक काम लगेच करू शकतो. गेल्या दहा वर्षांत आपल्या वस्तीत डोक्याला मार लागून वाचलेले किती, याची यादी करा. नाव गुप्त ठेवा. एवढेच विचारा : अपघात कधी झाला, आधी काय काम होते, आता काय आहे, दाखला आहे का, घर कोण चालवते, तिला शेवटची सुट्टी कधी मिळाली. पन्नास घरांचे हे पान हातात घेऊन रमजानच्या आधी ट्रस्टच्या बैठकीत बसा आणि विचारा की यंदाच्या जकातीत आणि सदक्यात या ओळीला किती. इमामसाहेबांना विनंती करा की एका जुम्म्याच्या बयानात असर आणि मेंदूची जखम यांतला फरक सांगावा. तीच यादी मग जिल्हाधिकारी कार्यालयात आणि आमदारांकडे न्या. सरकारने रकाना काढेपर्यंत थांबायचे कारण नाही, पहिला रकाना आपणच आखून त्यांच्या टेबलावर ठेवू.